तिथीची पाऊणपट

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला रांगेविषयी बोलायचा अधिकार आपोआपच मिळतो, असं माझं मत आहे. मानकोलीचा नाका घ्या, कशेळीचा पूल घ्या, नाहीतर मुंब्रा बायपास घ्या. ट्रक आणि लांबलचक ट्रेलर एकामागे एक उभे दिसले नाहीत तर आम्हालाच चुकल्यासारखं होतं. पुण्याहून येणारे पाहुणे चपला काढता काढता पहिला प्रश्न हाच विचारतात, "एवढे ट्रक येतात तरी कुठून हो?"

पुष्कळसे न्हावाशेवा बंदरातून येतात, आणि पुष्कळसे तिकडेच निघालेले असतात. बंदर आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथे जहाजातून उतरलेल्या पुष्कळ पेट्या (म्हणजे कंटेनर, मी दोन्ही शब्द वापरणार आहे) भिवंडीच्या गोदामांत येऊन रिकाम्या होतात. पाहुण्यांना हे पटतं आणि ते म्हणतात, "मग ट्रक कमी करायला हवेत."

इथे माझं नि त्यांचं जमत नाही. ट्रक जास्त म्हणून रांग, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की आपला नंबर कधी लागणार हे रांगेतल्या माणसाला ठाऊक नसतं, आणि त्याच्या थांबण्याचे पैसे ज्याच्यामुळे तो थांबला त्याला द्यावे लागत नाहीत. आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगायची खोड आहे. तेव्हा मंडळी, थोडा धीर धरा.

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आमचं गाव स्वतःच बंदर होतं. कामवारी नदी पुढे खाडीला मिळते आणि ती खाडी वसईच्या समुद्राला. १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीच्या काठी बांधायला सुरुवात झाली. पुढे इंग्रजांच्या काळात थळ घाटातून उतरणारा माल बैलांच्या तांड्यांनी आणि गाड्यांनी इथवर यायचा आणि मचव्यांत चढून मुंबईला जायचा. आसपासच्या गावांचं भात, लाकूड, गवत हेही त्याच वाटेने जाई. म्हणजे घाटावरचा रस्ता आणि समुद्र यांची गाठ पडायची जागा, हे भिवंडीचं काम जुनंच आहे. फक्त मचव्याच्या जागी ट्रेलर आला.

आता खाडीतल्या बंदराचा स्वभाव असा, की ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो. भरती आली की मचवा आत येणार, भरला की पुढच्या पाण्याबरोबर बाहेर पडणार. म्हणजे वाट पाहणं आलंच. पण किती वाट पाहायची हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. कोकणात त्याचं एक सोपं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, त्याच्याबरोबर भरतीही तेवढीच मागे सरकते, एवढंच त्यामागचं शास्त्र. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण कामापुरतं हे गणित आजही बरोबर येतं.

आमच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करावी लागे. कशासाठी, असं तेव्हा वाटायचं. खाडीकाठच्या माणसाला ती अशी उपयोगी पडायची. आणि या गणितात एक मोठी न्यायाची गोष्ट होती. भरतीची वेळ तांडेलाला ठाऊक, व्यापाऱ्याला ठाऊक, गाडीवानाला ठाऊक आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालालाही ठाऊक. समुद्र कुणाला आत घ्यायचं हे वशिला बघून ठरवत नाही. गाडीवानाला बैल कधी जुंपायचे ते घरी बसूनच कळत असे.

पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. मुख्य रेल्वेमार्ग कल्याणवरून घाटाकडे गेला आणि भिवंडी बाजूला राहिली. खाडी हळूहळू गाळाने भरली. मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक झाला, आणि समुद्राच्या भरतीवर डॉकच्या दारांनी मात केली. आमच्या गावाकडे उरला तो मुंबई-आग्रा रस्ता आणि माग. हातमागाचे यंत्रमाग झाले, १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर ते आणखी वाढले. तो एक वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीने.

इकडे जगात एक साधी लोखंडी पेटी मोठी उलथापालथ करत होती. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेट्या चढवून त्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. हा माणूस मुळात ट्रकवाला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धक्क्यावर ट्रक उभा करून एकेक गासडी चढता-उतरताना दिवसभर वाट पाहायची याचा त्याला वीट आला होता. कंटेनरचा जन्मच मुळी ट्रकची रांग मोडण्यासाठी झाला! त्याच पेटीपायी आज ट्रकच्या रांगा लागाव्यात, याला काय म्हणावं.

मुंबईची जुनी गोदी शहराच्या पोटात अडकलेली. तिला वाढायला जागा नव्हती आणि रस्तेही नव्हते. म्हणून खाडीपलीकडे, उरण तालुक्यात न्हावा आणि शेवा या गावांजवळ नवं बंदर उभं राहिलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. पण त्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात होत्या, त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र त्या जमिनीची वाटपपत्रं पंतप्रधानांच्या हस्ते मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडलं, म्हणजे बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली होती. रांगेत फक्त ट्रकच उभे राहतात असं नाही.

बंदर वाढत गेलं. १९९९ मध्ये पहिलं खाजगी टर्मिनल आलं, २००६ मध्ये आणखी एक, २०१५ आणि २०१८ मध्ये आणखी. आता पाच कंटेनर टर्मिनलं आहेत. २०२४-२५ या वर्षात तिथे सुमारे ७३ लाख पेट्यांची हाताळणी झाली (वीस फुटी पेटी हे माप धरून, चाळीस फुटी असेल तर ती दोन मोजतात). ३६५ ने भागा, दिवसाला वीस हजार आल्या. त्यांतल्या रेल्वेने जाणाऱ्या पाचातली एकही भरत नाही. बाकीच्या रस्त्याने. एका ट्रेलरवर अशी दोन मापं बसतात, म्हणजे ढोबळमानाने रोज आठ-दहा हजार भरलेल्या खेपा. हा आमच्या रस्त्यांवरचा भार.

पण हे ट्रेलर चोवीस तासांत सारखे वाटून आले असते तर रांग लागली नसती. एकदम येतात म्हणून लागते. ते एकदम का येतात, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावलं. तो वीसेक वर्षं ट्रेलर चालवतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, पण हे त्याने असं काही समजावलं की मी विद्यार्थी आणि तो मास्तर!

निर्यातीचा माल घ्या. जहाज यायच्या काही दिवस आधी त्या जहाजाच्या पेट्यांसाठी टर्मिनलचं गेट उघडतं आणि ठराविक वेळेला बंद होतं. कारखान्यात माल शेवटच्या दिवसापर्यंत तयार होत असतो, त्यामुळे सगळ्यांची घाई शेवटच्या काही तासांत. जहाज लांबलं की गेट उघडायची वेळही पुढे जाते. पण अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) किंवा नाशिकहून निघालेला ट्रेलर तोवर अर्ध्या वाटेत आलेला असतो. तो परत जाणार नाही. वाटेत कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभा राहणार. आयातीचं उलट. पेटी टर्मिनलमध्ये ठेवायला थोडे दिवस मोफत मिळतात, मग भाडं सुरू होतं. त्यामुळे मोफतीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांची झुंबड.

त्यात ठाणे परिसरात अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळ बंदी. बंदी उठली की अडवलेले ट्रक पाणी सोडल्यासारखे एकदम सुटतात आणि एकदमच पुढच्या नाक्यावर पोहोचतात. २०१८ साली मुंब्रा बायपास मे ते सप्टेंबर दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा ठाणे, ऐरोली आणि आम्ही भिवंडीकर यांनी काय भोगलं ते वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. आणि शेवटचं टोक आमच्या गोदामाचं. बंदर रात्रभर चालतं, गोदामात माल उतरवणारे हात बहुधा दिवसाच असतात. रात्री दोनला पोहोचलेली पेटी सकाळी नऊपर्यंत दारात उभी. म्हणजे बंदराच्या गेटवरची रांग बंदराच्या गेटवर तयार होत नाही. ती कारखान्यात, ठाण्याच्या नाक्यावर आणि आमच्या गोदामांच्या दारात तयार होते, गेटवर फक्त दिसते.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. टर्मिनलच्या आवारात पेट्या उचलणाऱ्या ज्या क्रेन असतात, त्यांना जहाजाचंही काम करायचं असतं आणि ट्रेलरचंही. जहाज धक्क्याला लागलेलं असलं की आधी जहाज. कारण उघड आहे. जहाजाचा एक तास फुकट गेला तर फार मोठी रक्कम बुडते आणि जहाजकंपनी जाब विचारते. ट्रेलरचा तास फुकट गेला तर टर्मिनलचं काही जात नाही. मी विचारलं, "आणि तुझं?" तो हसून म्हणाला, "सर, गारी चालवल्याचं पैसं भेटतान, थांबल्याचं नाय." त्याला खेपेवर पैसे मिळतात. महिन्याला ज्या खेपा व्हायला हव्यात त्या रांगेमुळे कमी होतात. एकदा तर त्याने चौदा तास काढले होते, सोबत पाण्याची एक बाटली. मालक थांबण्याचे पैसे मागू शकतो, पण व्यापारी म्हणतो बंदराकडे माग, बंदर म्हणतं जहाजाकडे बोट दाखवा, आणि जहाज तोवर कोलंबोला पोहोचलेलं असतं.

आता धुराचं. मी ज्या शाळेत शिकवलं ती रस्त्याला लागून होती. खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं तर काळं होई. मोठ्या ट्रकचं इंजिन नुसतं उभ्याने चालू ठेवलं तर तासाला साधारण दोन-तीन लिटर डिझेल जळतं. रांगेत इंजिन पूर्ण बंदही ठेवता येत नाही, कारण दर पाच-दहा मिनिटांनी चार हात पुढे सरकायचं असतं, आणि उकाड्यात केबिनमध्ये बसायचं असतं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. (लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही नसतं, मग पावणेतीन किलो वायू कसा? हा प्रश्न मुलं हमखास विचारत. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) समजा, ५०० ट्रेलर प्रत्येकी दोन तास इंजिन चालू ठेवून उभे राहिले, तासाला अडीच लिटर. झाले २५०० लिटर डिझेल आणि पावणेसात टन वायू, आणि तेवढ्यात एकही पेटी एक किलोमीटरसुद्धा पुढे गेली नाही. हे नुसतं उदाहरण आहे, मोजणी नव्हे. शिवाय काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वेगळी, ती तर तिथल्या तिथेच माणसांच्या छातीत जातात. एप्रिल २०२० पासून देशभर भारत-६ दर्जाचं डिझेल आलं, त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. ही चांगली गोष्ट झाली. पण ट्रेलर ओढणारं जुनं धूड पंधरा-वीस वर्षं चालतं, त्याचं इंजिन जुनंच राहतं.

इथे मला एक आठवडा आठवतो, ज्याला मी मनातल्या मनात 'रांगेचा आठवडा' म्हणतो. जून २०१७ चा शेवटचा. आमची गोदामं मुळात का वाढली? मुंबईत माल आणला की जकात. भिवंडीभोवतालच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, वळ अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती, आणि जमीन स्वस्त. म्हणून माल इथे ठेवायचा आणि लागेल तेवढाच मुंबईत न्यायचा. भाताची खाचरं गेली, पत्र्याची गोदामं आली. मुलुंड, ऐरोली, दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ही तर नेहमीची गोष्ट. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. वर्षानुवर्षांची ती रांग एका रात्रीत नाहीशी झाली! ट्रक तेवढेच होते, रस्ता तोच होता. फक्त थांबवण्याचं कारण काढून टाकलं.

आणि त्याच आठवड्यात, त्याच्या तीनच दिवस आधी, उलटं घडलं. २७ जूनला युरोपात सुरू झालेल्या संगणक-विषाणूच्या हल्ल्यात मर्स्क ही जगातली मोठी जहाजकंपनी सापडली. तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावाशेव्याचं टर्मिनलही त्यात ठप्प झालं. कुठली पेटी कुठे आहे हे सांगणारा संगणकच बंद. जहाजं दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवावी लागली, ट्रेलर बाहेर अडकले. इथेही ट्रक वाढले नव्हते. माहिती नाहीशी झाली आणि रांग लागली. एकाच आठवड्यात काळाने दोन्ही प्रयोग करून दाखवले. इतिहासाच्या मास्तराला असं उदाहरण आयतं क्वचितच मिळतं.

(तेव्हा अनेकांनी भाकीत केलं होतं की जकात गेली, आता भिवंडीची गोदामं ओस पडणार. झालं उलटंच. अडथळे गेल्यावर मोठी गोदामं एका जागी करणं सोयीचं झालं आणि ती आणखी वाढली.)

आमचा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मामा, हे सगळं आमच्याकडे आधी होऊन गेलंय." त्याने धाडलेलं वाचत बसलो आणि खरंच गंमत वाटली. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही जोडबंदरं. तिथे २००२ साली कायदा झाला: ट्रकला गेटवर अर्ध्या तासापेक्षा जास्त इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागलं तर टर्मिनलला २५० डॉलर दंड. पहिल्यांदाच कुणीतरी थांबण्याचं बिल थांबवणाऱ्याच्या नावावर फाडलं. पण कायद्यात पळवाट होती. ट्रकना आधी वेळ नेमून देण्याची पद्धत ठेवली किंवा गेट जास्त तास उघडं ठेवलं तर दंड माफ. काही टर्मिनलांनी वेळ देण्याची पद्धत सुरू केली ती दंड चुकवण्यापुरती. वेळ घेऊन आलेला ट्रक आणि न घेता आलेला ट्रक एकाच रांगेत! दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर पाहिलं तेव्हा रांग कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग जुलै २००५ पासून दिवसा पेटी हलवायची तर ४० डॉलरचा अधिभार, रात्री माफ. बराच माल रात्रीकडे वळला. पण संध्याकाळी सहाला माफी सुरू व्हायची, तर पाचपासून ट्रक गेटबाहेर उभे राहू लागले. माणूस कुठेही गेला तरी माणूसच! शेवटी २०१८ मध्ये दिवस-रात्र सारखा अधिभार आणि वेळ नेमून देण्याची पद्धत, असं केलं गेलं. धुरासाठी १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ पूर्वीच्या इंजिनांच्या ट्रकना बंदरात बंदी केली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत नियम आणखी कडक केले. ट्रकच्या काजळीत ९० टक्क्यांहून अधिक घट झाली, असं बंदरांची मोजणी सांगते. मात्र नव्या महागड्या ट्रकचे हप्ते पुष्कळदा चालकांच्याच डोक्यावर बसले, आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षं तंटे झाले. हवा स्वच्छ झाली, पण तिचं बिल पुन्हा रांगेतल्याच माणसाला गेलं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पूर्वी आयातीची पेटी बंदरातून आधी जवळच्या सीएफएसमध्ये (सीमाशुल्काचं काम होतं ती आवारं) जाई, तिथे दिवस काढी आणि मग आमच्याकडे येई. २०१६ पासून थेट बंदरातूनच पेटी नेण्याच्या सवलतीवर जोर दिला गेला आणि जेमतेम काही टक्के असलेलं हे प्रमाण दोनेक वर्षांत ४० टक्क्यांच्या घरात गेलं. एक अख्खी ट्रक-फेरी वाचली. त्याच वर्षी पेट्यांना छोट्या चकत्या लावून त्या कुठे आहेत हे संगणकावर पाहता येऊ लागलं. नंतर सुमारे दीड हजार ट्रेलर मावतील असा मध्यवर्ती वाहनतळ झाला, कागदपत्रं तिथेच तपासून मग गाडी गेटकडे सोडायची. टर्मिनलमधल्या डिझेलच्या क्रेन विजेवर आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलून चालणाऱ्या विजेच्या ट्रकांचा ताफाही बंदरात सुरू झाला. रेल्वेचा जो खास मालवाहू मार्ग दिल्लीकडून येतो, त्याचा वैतरणा ते न्हावाशेवा हा तुकडा मात्र सगळ्यात मागे राहिला, आणि तेवढी वर्षं तो भार रस्त्यानेच वाहिला.

पुढचा काळ मोठा आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तो येऊन संपतो आमच्या तालुक्यातल्या आमणे गावी. त्याच सप्टेंबरात न्हावाशेव्याच्या सर्वांत नव्या टर्मिनलचा दुसरा टप्पा झाला आणि बंदराची क्षमता एक कोटी पेट्यांपुढे गेली. डहाणूजवळ वाढवणला आणखी अवाढव्य बंदर होणार म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं; तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि उरणचा इतिहास पाहता तो समजून घ्यायला हवा. या सगळ्यातून ट्रक कमी होणार नाहीत. म्हणून पाहुण्यांना मी म्हणतो, ट्रक मोजू नका, थांबलेले तास मोजा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ट्रेलरला आधी वेळ दिलेली असावी आणि ती दोघांनाही बांधील असावी. चालक उशिरा आला तर त्याचा नंबर जाईल हे ठीक, पण टर्मिनलला उशीर झाला तर टर्मिनलनेही मोजावं. घड्याळ वाहनतळात शिरल्यापासून सुरू व्हावं. नाहीतर गेटच्या आतली वेळ छान दिसते आणि रांग नुसती गेटवरून वाहनतळात सरकते. थांबण्याचे पैसे भाड्याच्या करारातच लिहिलेले असावेत आणि त्यातला वाटा चालकाच्या हातात पडावा. आमच्या गोदामवाल्यांनीही रात्रपाळीचा विचार करावा, माथाडींना रात्रीची योग्य मजुरी देऊन. बंदराने एकट्याने वेळ पाळून भागणार नाही. आणि हे सगळं होईपर्यंत रांगेतल्या माणसाला पाणी, संडास आणि पाठ टेकायला सावली एवढं तरी मिळावं. हे कुठल्याही संगणकावाचून करता येतं.

समुद्राला घाई करायला सांगता येत नव्हतं, म्हणून आपल्या लोकांनी त्याची वेळ पाठ करून ठेवली. टर्मिनल तर माणसांनीच बांधलेलं आहे. त्याची वेळ निदान ट्रेलरवाल्याला घरून निघताना कळावी, एवढी अपेक्षा फार नाही.

असो. बंदर किंवा वाहतूक या क्षेत्रात काम करणारे जे वाचक आहेत त्यांनी यात भर घालावी. विशेषतः रात्रीच्या गोदामांचा कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा. चूभूद्याघ्या.